बोबडे हात

३ मार्च, मंगळवार

"सुधारणा उत्तम!" म्हणे. कोणाची? कागदाची!

आज दवाखान्यात तपासणी होती. संधिवातावरच्या नव्या गोळीचा अभ्यास चाललाय आणि मी त्यातली एक रुग्ण. मला मिळते ती गोळी खरी की नुसती खडूची, हे मला माहीत नाही, डॉक्टरबाईंनाही नाही. कोणी मनातल्या मनात बरं होऊ नये म्हणून तसं ठेवतात. ठीक आहे. पटतं.

पण ती नर्स! मी तिला मोजपट्टी म्हणते, अर्थात मनात. एकेक सांधा दाबून विचारते— दुखतो? कमी दुखतो? मग एक दांडा हातात देते, दाबा म्हणते, काटा हलतो. मग प्रश्न. बटण लावता येतं का? नळ उघडता येतो का? भरलेला कप उचलता येतो का?

"एक प्रश्न राहिला," मी म्हटलं.

"कोणता?"

"बोलता येतं का?"

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. "अहो, बोलताय की!"

"तोंडाने नाही. हातांनी."

मग सांगत बसले. मूकबधिर शाळेत शिकवते, वीस वर्षं उलटून गेली. घरी लेक, तीही जन्मापासून बहिरी. तिचे बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. शाळेत बोटं, घरी बोटं. तोंड मी फक्त बाजारात आणि ताईच्या फोनवर वापरते. आणि उजवा अंगठा गेलं वर्षभर आत वळत नाही, मनगट फिरत नाही.

मोजपट्टी ऐकत होती. वाईट नाही ती. "मागच्या कोऱ्या बाजूला लिहा हवं तर," म्हणाली. "पण खरं सांगू? मागचं कोणी वाचत नाही."

लिहिलं. मोठ्या अक्षरांत. खाली दोन रेघा मारल्या.

४ मार्च

अंगठा आज अजिबात ऐकत नाही. दिवसभर जीभ चावल्यासारखं झालं.

९ मार्च, सोमवार

मुख्याध्यापकांनी बोलावलं. खुर्ची पुढे सरकवली, पाणी मागवलं— तेव्हाच ओळखलं, काहीतरी वाईट आहे!

"बाई, तुम्ही आता वर्ग सोडा. कार्यालयात बसा. हजेरी, पत्रव्यवहार. आराम मिळेल."

"मुलांची तक्रार आहे?"

"मुलांची नाही हो. एकदोन पालक म्हणाले... बाईंच्या खुणा हल्ली नीट कळत नाहीत म्हणून."

मनापासून सांगत होते, हेच जास्त झोंबलं. दुष्टपणे बोलले असते तर दोन शब्द सुनावता तरी आले असते. मी म्हटलं, "कळत नाही हे मुलांनी सांगू दे. मग बसते कार्यालयात." ताठ मानेने बाहेर आले. 

घरी लेकीला विचारलं, अगदी सरळ. ती छापखान्यात पानं लावते, एक काना हलला तरी तिला दिसतो. हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, 'आई, तू बोबडी बोलतेस.' बोबडी कशी, ते करूनही दाखवलं— लहान बाळ खुणा शिकताना बोटं कशी गोळा करतं, तशी. हुबेहूब मी!

हसले. मग रडायला न्हाणीघरात गेले. आवाज झाकायला नळ सोडायचा ही जुनी सवय. घरात ऐकणारं कोणी नाही, तरी! आणि नळ उघडेचना. रडायचं राहूनच गेलं.

१७ मार्च

ताईचा फोन. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, आणि प्रत्येक दुखण्यावर तिच्याकडे तेल. "सोड त्या गोळ्या. प्रयोग करतायत तुझ्यावर. उंदीर समजतात तुला, उंदीर!"

"असू दे. पण मी बोलका उंदीर आहे, ताई."

फोन आपटला तिने. परवा तेलाची बाटली येईल.

२२ मार्च, रविवार

लेकीच्या डोक्यातून निघालं. मी कांदा चिरत होते— म्हणजे कांद्यावर सुरी टेकवून वरून तळहाताने रेटत होते— आणि मोजपट्टीच्या नावाने खडे फोडत होते. ती म्हणाली, 'त्यांना मोजलेलंच कळतं ना? मग आपण मोजू.'

साधं आहे. मी वर्गात एक नवी गोष्ट सांगायची, हातांनी. मुलांनी काय कळलं ते लिहायचं. लेकीने दहा वाक्यांची गोष्ट लिहून दिली. म्हातारा, विहीर, हरवलेली शेळी. खुणा मुद्दाम अवघड. अंगठ्याला आणि मनगटाला सुट्टी नाही.

२६ मार्च

जिंकले!! जवळजवळ सगळ्यांना सगळं कळलं! एका पोरीने तर शेळीचं चित्रही काढलं. कोण म्हणतं मी बोबडी?

आता बघते मुख्याध्यापकांना. आणि मोजपट्टीला. आणि त्या दांड्याला.

१४ एप्रिल, मंगळवार

दवाखाना. सूज आणखी उतरली. रक्तही चांगलं आलं. मी मुलांचे कागद डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवले. डॉक्टरबाई वयाने माझ्या लेकीपेक्षा फार मोठ्या नसतील, पण घाईत नसतात. एकेक कागद वाचला. शेळीचं चित्र बघून हसल्या.

मी म्हटलं, "घाला हा प्रश्न तुमच्या अभ्यासात."

"नाही घालता येत हो. सगळीकडे हेच प्रश्न विचारतात, म्हणून एका अभ्यासाची दुसऱ्याशी तुलना होते. मी मधेच एक घुसवला तर आमचं सगळंच बाद."

चिडायला आले होते, पण उत्तर खरं होतं. खऱ्या उत्तराचं काय करायचं असतं?

निघताना त्यांनी सहज विचारलं, "ही मुलं तुमच्याच वर्गातली?"

"मग! माझीच."

"हं," म्हणाल्या.  त्यांचा 'हं' घरापर्यंत बरोबर आला.

१५ एप्रिल

लेकीला तो 'हं' सांगितला. ती कपडे वाळत घालत होती. चिमटे खाली ठेवले. 'मला वाटलं तुला कळलं असेल,' म्हणाली.

काय कळलं असेल?

'मुलं खोटं लिहितात, आई. तू आवडतेस त्यांना. खुणा करताना तुझे ओठ हलतात, चेहरा सगळं सांगतो. त्यावरून जुळवतात. आणि पहिल्या बाकावरची मागच्यांना सांगते. त्या दिवशी मी वर्गाच्या दारात उभी होते, पाहिलं.'

'तेव्हाच का नाही बोललीस?'

'तू नाचत होतीस.'

भांडलो. दणकून भांडलो. हातांनी भांडण्याचा एक फायदा आहे— दुखायला लागलं की थांबावंच लागतं. मी आधी थांबले. ती तरीही दोन वाक्यं जास्त बोलली.

१९ एप्रिल, रविवार

बरं. करायचं तर धड करू. तीच गोष्ट, पण यावेळी लेकीने फोनवर चित्रफीत काढली— मानेपासून खाली. फक्त धड आणि हात. माझं मुंडकंच उडवलं तिने! दुसऱ्या गावच्या शाळेत तिची मैत्रीण शिकवते. तिथल्या मुलांनी मला कधी पाहिलेलं नाही. कोण बाई, कशाला, काही सांगायचं नाही. बघा आणि लिहा.

लेक म्हणाली, 'गोळी देतात तसंच. कोणाला काही माहीत नाही.'

हुशार आहे कार्टी. कोणावर गेली कोण जाणे.

२ मे

कागद आले.

निम्मंही कळलेलं नाही.

'म्हातारा विहिरीत पडला' याचं बहुतेकांनी केलंय— म्हातारा खिडकीत बसला. शेळीची कोणी खुर्ची केली, कोणी बहीण. माझ्या गोष्टीत कोणी पडत नाही, कोणी हरवत नाही, सगळे नुसते बसून आहेत.

आणि एकाने खाली लिहिलंय, 'या बाई नवीन शिकत आहेत का? चांगला प्रयत्न आहे.'

चांगला प्रयत्न!

३ मे

लेक म्हणते दाखवू नको. शाळेत कळलं तर उद्याच कार्यालयात बसवतील. 'आधीचे कागद आहेत ना, ते राहू दे,' म्हणाली. आणि हे तीच म्हणतेय, जिने ते कागद खोटे पाडले! माझ्यासाठी तीही वाकली, हे बघून जरा भरून आलं. जराच.

दाखवणार. चांगला निकाल घेऊन कोणीही जाईल.

१२ मे, मंगळवार

डॉक्टरबाईंनी चित्रफीत दोनदा पाहिली. मुलांचे कागद वाचले. मग उठून मोठ्या सरांना घेऊन आल्या. मोठे सर म्हणजे इथल्या अभ्यासाचे प्रमुख. पांढरे केस, पांढरा कोट, बोलणंही इस्त्रीचं.

"बाई, आपल्या केंद्रातला सर्वांत सुंदर निकाल तुमचा आहे," सर म्हणाले. "एकही सांधा सुजलेला नाही. तुम्ही तर आमचं यश!"

"यशाला बोलता येत नाही, सर."

ते डॉक्टरबाईंकडे बघायला लागले. त्याच पुढे झाल्या. माझा हात हातात घेऊन अंगठा हळू फिरवत सांगितलं— "सूज थांबली आहे, ते खरं आहे. पण थांबायच्या आधी तिने इथला स्नायुबंध झिजवला, मनगटातलं हाड खाल्लं. ते गोळी परत आणत नाही. त्यासाठी हाताचे व्यायाम लागतात, पट्टी लागते, कधी शस्त्रक्रिया."

"मग हे मला आधी का नाही सांगितलं कोणी?"

अंगठा सोडला त्यांनी. मग म्हणाल्या, "कारण आम्ही सूज मोजत होतो."

हे वाक्य मला आवडलं. राग आला आणि आवडलं.

जूनमध्ये सगळ्या केंद्रांतले डॉक्टर इथे जमणार आहेत. मोठ्या सरांना मला तिथे उभं करायचंय— यशस्वी रुग्ण म्हणून. दोन मिनिटं बोला, म्हणाले.

"येते की! लेकीला आणते बरोबर."

खूश होऊन गेले. डॉक्टरबाई तेवढ्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना अंदाज आला असावा. सरांना सावध केलं नाही, हे त्यांचे माझ्यावर उपकार.

२० मे

मुख्याध्यापकांना स्वतःच कागद नेऊन दिले. वाचले त्यांनी. 'चांगला प्रयत्न' वाचून चष्मा काढून पुसला.

"मग बाई... तुम्हीच म्हणाला होता."

"म्हणाले होते, मुलांनी सांगितलं की बसते. सांगितलं त्यांनी. पण मी बसणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे शब्द मोडला! डावा हात बरा आहे माझा. त्याने बोलायला शिकते. फळा आहे, चित्रं आहेत. दिवाळखोर झाले नाहीये मी अजून. दिवस द्या थोडे."

डोकं हलवलं त्यांनी. हो की नाही, ते कळलं नाही. मी हो धरून सुट्टीतल्या उन्हाळी वर्गात गेले.

मुलांना खरं सांगितलं— माझा हात बोबडा झालाय, आणि तुम्ही लबाड आहात. आता कळलं नाही की बाकावर थाप मारायची. पहिल्याच तासाला इतक्या थापा पडल्या की शिपाई धावत आला!

६ जून, शनिवार

झालं. काय झालं ते नीट लिहून ठेवते. 

मोठं सभागृह. कोट, टाय, बिल्ले. पडद्यावर आलेख— एक रेघ वरून खाली घसरत आलेली. ती मी. मोठ्या सरांनी माझी ओळख करून दिली, टाळ्या पडल्या. मी लेकीला पुढे बोलावलं. तिच्या हातात फळ्याची लेखणी दिली. आमचं घरीच ठरलं होतं— तिने अंदाज लावायचा नाही. मी तिची आई आहे हे विसरायचं. बोटं जे दाखवतील तेवढंच लिहायचं. मी ओठ घट्ट मिटले.

पहिलं वाक्य केलं. तिने लिहिलं— मला थंडी वाजते.

दुसरं. तिने लिहिलं— मी डॉक्टरांकडे जेवण मागते.

लोक हसले. मोठे सरही हसले, त्यांना वाटलं काहीतरी गंमत आहे.

तिसरं वाक्य. ती बघत राहिली. मी पुन्हा केलं. तिने फळ्याकडे वळून लेखणी टेकवली, उचलली. परत माझ्याकडे पाहिलं. मी तिसऱ्यांदा केलं. अंगठ्यातून कळ खांद्यापर्यंत गेली. तिने एक प्रश्नचिन्ह काढलं आणि मान खाली घातली.

आता कोणी हसत नव्हतं.

मग मी तोंडाने बोलले. "पहिलं वाक्य होतं, मला आता बरं वाटतं. दुसरं, मी डॉक्टरांचे आभार मानते. दोन्ही खरी आहेत, मनापासून आहेत. तिसरं हिच्यासाठी होतं, आणि हिला ऐकू येत नाही. म्हणून ते लिहावं लागेल."

डाव्या हाताने लिहिलं, वेडंवाकडं. 'तू माझी मुलगी आहेस याचा मला अभिमान आहे.'

लेकीने वाचलं. तिथेच, सगळ्यांसमोर, लेखणी टाकून गळ्यात पडली. हे ठरलेलं नव्हतं.

मी तिच्या खांद्यावरून म्हटलं, "तो पडद्यावरचा आकडा खरा आहे. पुरा नाही. रुग्णाला आधी विचारा, तुम्हाला हात कशाला हवाय? आणि मग तेवढं मोजा."

टाळ्या वगैरे काही झालं नाही. सगळे नुसते बसून होते. मला माझी ती गोष्ट आठवली— खिडकीत बसलेला म्हातारा.

७ जून

हात पार गेलाय. गेला तर गेला. आठवडाभर डाव्याने.

२३ जून, मंगळवार

मोठे सर माझ्याशी बोलले नाहीत. बाजूने गेले, कोट फडकावत. डॉक्टरबाईंना बरंच ऐकून घ्यावं लागलं, हे मोजपट्टीने सांगितलं. "माझ्याच सभेत माझी शोभा केली म्हणत होते."

डॉक्टरबाईंना विचारलं, "माझ्यामुळे?"

"तुमच्यामुळे," म्हणाल्या. आणि लगेच, "पण तुम्ही तिथे गप्प बसला असता तर मला जास्त राग आला असता."

मला हाताच्या व्यायामाच्या बाईंकडे पाठवलंय. त्या कठोर आहेत. मऊ मातीचा गोळा चिमटीत धरायला लावतात आणि कुरकुर केली की दुसरा देतात. मनगटाला पट्टी करून दिली, बोटं मोकळी राहतील अशी. "कोणत्या खुणा अडतात ते दाखवा," म्हणाल्या. एवढं विचारणारी पहिलीच बाई!

१८ जुलै

नवी चित्रफीत, नवं गाव, नवी मुलं. गोष्ट तीच. डावा हात पुढे, उजवा मदतीला.

म्हातारा विहिरीत पडला! चक्क पडला! दोघेतिघे सोडून सगळ्यांनी पाडला त्याला!

शेळी अजून खुर्चीच आहे. असू दे. तिलाही सरळ करते.

ताईला सांगितलं. "म्हणजे तेलाने गुण आला," म्हणाली.

११ ऑगस्ट, मंगळवार

पुढचा अभ्यास सुरू होतोय. मोजपट्टीने कागद दाखवला— अगदी वरती, सांधे-बिंधे यायच्या आधी एक ओळ आहे. 'तुम्हाला हात कशासाठी हवे आहेत?' खाली मोठ्या सरांची सही. मला मात्र त्यांनी अजून नमस्कार केलेला नाही. नको करू दे. सही पुरे.

मोजपट्टी म्हणाली, लोक काय काय सांगतात! एकाला पेटी वाजवायची आहे. एकीला नातवाची आंघोळ. एका आजोबांनी म्हणे सांगितलं, बायकोची वेणी घालायला, तिला आता दिसत नाही. हे सांगताना ती दांडा पुसत होती, तोच तोच भाग.

"तुमचं नाव काय हो?" मी विचारलं. इतके महिने विचारलं नव्हतं. तिने सांगितलं. गोड नाव आहे. तरी इथे मोजपट्टीच राहील.

२९ ऑगस्ट

मुख्याध्यापकांनी पुढच्या सत्राचं वेळापत्रक फळ्यावर लिहिलं. माझा वर्ग माझ्याकडेच. माझ्या नावापुढे खडूने कोणीतरी लिहिलंय, 'थाप मारा'. पुसलं नाही.

२ सप्टेंबर, बुधवार

सकाळपासून लेक डाव्या हाताने बोलतेय. आधी वाटलं माझी नक्कल करते. हसले. तीही हसली, पण उजवा हात खिशातून काढेना. शेवटी धरून बाहेर काढला. मधली दोन बोटं मुळाशी सुजलेली, गरम. दाबल्यावर तिने ओठ चावला.

'काही नाही,' ती म्हणाली. डाव्याने. 'झोपेत अवघडला.'

नाही. हा हात मी त्या दुखण्याला देणार नाही! डॉक्टरबाईंना फोन लावला. "आत्ता या," म्हणाल्या. ती बूट घालतेय. नाडी मी बांधते.